पवनाकाठचे तंबू कोणाच्या जमिनीवर?

शनिवारी दुपारनंतर द्रुतगती मार्गावरून उतरून पवनानगरच्या रस्त्याला लागणाऱ्या मोटारींची रांग पाहिली, की मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाने सुट्टी घालविण्याची एक नवी रीत पक्की केली आहे, याची खात्री पटते. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या चार किल्ल्यांच्या मध्ये पसरलेल्या पवना धरणाच्या जलाशयाकाठी ठाकूरसाई, ब्राह्मणोली, फांगणे, आंबेगाव अशा गावांलगत रंगीबेरंगी तंबूंच्या ओळी लागलेल्या असतात. माणशी ठरावीक रकमेत संध्याकाळचा चहा आणि भजी, शेकोटी, निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी, रात्रीचे जेवण आणि सकाळचे पोहे मिळतात. ज्याला हॉटेलची खोली परवडत नाही आणि ज्याला ती परवडते पण नको आहे, असे दोघेही येथे शेजारी शेजारी झोपतात. पहाटे पाण्यावर उतरलेले धुके पाहून ते तृप्त होतात आणि रविवारी दुपारी परत फिरतात. आपण रात्रभर ज्या जमिनीवर झोपलो ती कोणाची, हा प्रश्न त्यांना पडत नाही. तो पडण्याचे त्यांना कारणही नाही. परंतु ज्या शासकीय खात्यांना तो पडायला हवा, त्यांनीही तो इतकी वर्षे अंगाला लावून घेतलेला नाही.

हा प्रश्न आता नव्याने विचारण्याचे निमित्त मात्र वेगळे आहे. तंबूची सुट्टी म्हणजे शेकोटी आणि गाणी, एवढ्यावर नव्या पिढीचे समाधान होत नाही. तिला पाण्यावर उतरायचे आहे; तेही दुसऱ्याने चालविलेल्या बोटीत बसून नव्हे, तर स्वतःच्या पायांवर उभे राहून. गोव्याच्या किनाऱ्यावर विंडसर्फिंग किंवा रामेश्वरमला पतंगाच्या साह्याने चालणारे काइटसर्फिंग शिकून आलेले, युरोपातील एखाद्या सरोवराकाठी तंबूत राहून आठवडाभर शिडाशी झुंजलेले तरुण-तरुणी परत आल्यावर विचारतात, की एवढे पाणी दाराशी असताना आपण हे येथेच का करू नये? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधू गेल्यास मात्र आपण वाऱ्यापासून निघून थेट सातबाऱ्यापर्यंत पोचतो.

विंडसर्फिंग आपल्याकडे निदान ऐकून माहीत आहे. फळीवर उभे शीड, आणि ते कोणत्याही बाजूला कलू शकेल अशा सांध्याने फळीला जोडलेले. १९६० च्या दशकात अमेरिकेत हा खेळ आकाराला आला आणि १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये त्याला स्थान मिळाले. विंगफॉइलिंग हे त्याचे धाकटे भावंड अगदी अलीकडचे, २०१९ च्या सुमारास बाजारात रुळलेले. यात शीड फळीला जोडलेलेच नसते. हवा भरून फुगविलेला चार-पाच चौरस मीटरचा पंख खेळाडू दोन्ही हातांत धरतो. फळीच्या पोटाखाली पाऊण ते एक मीटर लांबीचा दांडा असतो आणि त्याच्या टोकाला विमानाच्या पंखासारखा दुसरा, लहान पंख. वेग आला, की हा पाण्याखालचा पंख फळीला वर उचलतो. फळी पाण्यापासून सुटते, घर्षण जवळजवळ नाहीसे होते आणि माणूस फारसा आवाज न करता पाण्याच्या वरून सरकत जातो. ताशी वीस-बावीस किलोमीटरचा स्थिर वारा यासाठी साधारणतः पुरतो. साहित्याची किंमत काही लाखांत जाते, ही गोष्ट वेगळी.

पंखातली हवा सोडली, की हा सारा संसार मोटारीत मावतो. ही बाब वाटते तेवढी किरकोळ नाही. शिडाच्या होडीला धक्का लागतो, ती ठेवायला क्लब लागतो, क्लबला कोणाची तरी परवानगी लागते. विंगफॉइलला यातले काहीच लागत नाही. तो शनिवारी तंबूबरोबर येईल आणि पाण्यात उतरेल, त्याची नोंद कोणत्याही कार्यालयात नसेल. आजवर आपल्या जलाशयांवरचे जे काही नियंत्रण होते, ते बोट नावाच्या वस्तूवरचे नियंत्रण होते. बोटच नसेल तर काय करायचे, याचा विचार झालेला दिसत नाही.

हा खेळ ज्या सरोवरांनी जगाला शिकविला, त्यांच्यात इटलीतील गार्डा सरोवराचे नाव वरचे आहे. सुमारे ३७० चौरस किलोमीटरचे हे इटलीतील सर्वांत मोठे सरोवर. त्याचे उत्तर टोक डोंगरांच्या चिंचोळ्या दरीत शिरते आणि तेथे तोर्बोले नावाचे छोटे गाव आहे. या गावाची भरभराट दोन वाऱ्यांवर झाली. पहाटे उत्तरेकडून उतरणारा वारा, त्याला ‘पेलेर’ म्हणतात, तो सकाळ सरता सरता पडतो. दुपारी दक्षिणेकडून ‘ओरा’ सुरू होतो आणि उन्हे कलेपर्यंत टिकतो. आकाश स्वच्छ असेल तर हे वेळापत्रक सहसा चुकत नाही. पहाटेच्या वाऱ्यावर जाणते खेळाडू, दुपारी शिकाऊ, आणि मधल्या वेळात तंबूतळावर स्वयंपाक, असा तेथील दिवसाचा क्रम वाऱ्यानेच आखून दिलेला आहे. तंबूतळ म्हणजे परवाना असलेला, स्नानगृहे आणि सांडपाण्याची जोडणी असलेला व्यवसाय. रात्रीमागे प्रवाशाकडून स्थानिक करही घेतला जातो.

परंतु तोर्बोलेचे यश केवळ वाऱ्याचे नाही. सरोवराचा जो उत्तर भाग त्रेंतिनो प्रांताच्या हद्दीत येतो, तेथे खासगी मोटरबोटींना बंदी आहे. प्रवासी जहाजे चालतात, बचावाच्या बोटी चालतात. मौजेसाठी इंजिन लावून पाणी कापत जाण्याची मुभा तेथे नाही. शिडाच्या फळीवर तोल सावरणाऱ्या नवशिक्याला मागून येणाऱ्या बोटीची धास्ती नसते. पाणी कोणासाठी, हे एकदा ठरवून टाकले की बाकीच्या गोष्टी त्याभोवती जमत जातात. अर्थात गार्डा म्हणजे नंदनवन नव्हे. पर्यटकांच्या गर्दीचे सांडपाणी कोठे न्यायचे यावरून तेथेही रण माजलेले आहे. सरोवराच्या पश्चिम काठासाठी नवे शुद्धीकरण केंद्र उभारून त्याचे पाणी किएसे नदीत सोडण्याच्या योजनेला ब्रेशा प्रांतातील नदीकाठच्या लोकांनी कडवा विरोध केला. सरोवराने पर्यटनाचा पैसा घ्यायचा आणि मैला दुसऱ्या खोऱ्याने सोसायचा, हे त्यांना मान्य नव्हते. मावळातील वाचकाला हा सूर अनोळखी वाटू नये.

आता पवनेकडे वळू. पहिला मुद्दा वाऱ्याचा. तंबूंचा हंगाम ऑक्टोबर ते मे, आणि त्यातही गर्दी डिसेंबर-जानेवारीत. त्या दिवसांत सह्याद्रीच्या या कुशीतील सकाळ निवांत असते आणि दुपारचा वाराही मंद. शिडाला हवा असलेला वारा खऱ्या अर्थाने मिळतो तो मार्च ते मे महिन्यांत, जेव्हा कोकणातून घाट चढून आलेले पश्चिमेचे वारे दुपारनंतर मावळात शिरतात. पुणेकर उन्हाळ्याच्या संध्याकाळी ज्या वाऱ्याची वाट पाहतो, तोच हा वारा. त्यानंतर जूनपासून नैर्ऋत्येचे वारे जोर धरतात, पण त्यांच्यासोबत मुसळधार पाऊस असतो आणि पर्यटनावर निर्बंध येतात. म्हणजे तंबूचा उत्तम काळ आणि शिडाचा उत्तम काळ यांची गाठ मार्च-एप्रिलच्या काही आठवड्यांतच पडते. तो काळ वळवाचाही असतो. शांत पाण्यावर दहा मिनिटांत वादळी झोत येतो आणि तसाच निघून जातो. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात करमाळ्यातील कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा बळी गेला. ते लोक मौजेला निघालेले नव्हते. रोजच्या वाटेने पलीकडे जात होते.

दुसरा मुद्दा पाण्याचा, आणि येथे गार्डाशी असलेले साम्य संपते. नैसर्गिक सरोवराची पातळी थोडीफार खालीवर होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुष्काळामुळे गार्डातील एका लहान बेटाकडे चालत जाता येऊ लागले, तेव्हा त्याची छायाचित्रे जगभर छापून आली. धरणाचे पाणी तर दरवर्षीच उतरते. उतरावे म्हणूनच ते साठविलेले असते. पवनेत सुमारे साडेआठ टीएमसी उपयुक्त साठा मावतो. पावसाळा संपताना काठोकाठ भरलेला जलाशय मे अखेरीस तळाकडे झुकतो आणि काठ शेकडो फूट मागे सरतो. बुडालेले वाघेश्वराचे प्राचीन मंदिर उन्हाळ्यात पाण्याबाहेर येते आणि तंबूवाले पर्यटक तेथे जाऊन छायाचित्रे काढतात. मंदिर दिसते म्हणजे त्याच्या आसपास जुन्या गावांच्या खुणाही असणारच: बांध, झाडांची खोडे, घरांची जोती. त्यांतल्या कित्येक पाण्याच्या पृष्ठभागाखाली हातभर खोलीवर असतात. ज्याच्या फळीखाली मीटरभर लांबीचा धारदार दांडा आहे, अशा खेळाडूने त्या वेगात अशा बांधावर आदळणे म्हणजे काय, याची कल्पना करता येईल. वारा उत्तम असतो त्याच महिन्यांत पाणी सर्वांत धोक्याचे असते. जलाशयाचा तळ कोठे कसा आहे, हे सर्वांत चांगले कोणाला ठाऊक आहे? त्या शेतात ज्यांचे वाडवडील नांगर धरीत होते, त्यांना.

येथे आपण जमिनीच्या प्रश्नापाशी येतो. धरणासाठी भूसंपादन झाले १९६० च्या दशकात आणि धरण पूर्ण झाले १९७२-७३ मध्ये. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची आणि त्यांच्याभोवती वाढलेल्या शहराची तहान या पाण्याने भागली. विस्थापितांपैकी शेकडो खातेदारांचे पुनर्वसन मात्र अर्धशतक उलटून गेल्यावरही वादाचा विषय राहिले. मोर्चे निघाले, बैठका झाल्या, आश्वासने मिळाली. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेतून थेट बंद नळाने शहराला पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध द्रुतगती मार्गावर बऊर येथे शेतकरी उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तीन जण मृत्युमुखी पडले. ती योजना त्यानंतर बरीच वर्षे रखडली. मावळात पवनेच्या पाण्याविषयी बोलताना हा दिवस कोणीही विसरत नाही, हे शहरातून आलेल्याने ध्यानात ठेवलेले बरे.

धरणाच्या काठची संपादित जमीन जलसंपदा विभागाच्या ताब्यात. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जी पट्टी, तिला गाळपेर जमीन म्हणतात. ती हंगामापुरती लागवडीसाठी भाड्याने देण्याची जुनी पद्धत आहे आणि त्यात प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य देण्याचे धोरण आहे. आपलीच पूर्वीची जमीन, आपल्यालाच भाड्याने, आणि तीही पाणी येईपर्यंत. या पट्टीवर ज्वारी-हरभरा पिकविण्यापेक्षा तंबू लावले तर चार पैसे अधिक मिळतात, हे काठच्या तरुणांनी कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीशिवाय ओळखले. पवनाकाठचा तंबूचा व्यवसाय कोणत्याही सरकारी योजनेतून जन्मलेला नाही. नोकरीचे आश्वासन फोल ठरलेल्या आणि जमीन गमावलेल्या घरांतील मुलांचा त्यात मोठा वाटा आहे. कायद्याच्या भाषेत तो अतिक्रमण ठरतो.

याच काठावर शहरातील श्रीमंतांचे बंगलेही आहेत. त्यांतील काहींच्या भिंती कोठपर्यंत जातात, याची चर्चा गावात नेहमी होते. तंबूवर कारवाई करणे सोपे असते. तो उखडता येतो. बंगल्याला नोटीस लागते, वकील लागतो, स्थगिती मिळते. कारवाईच्या बातम्या आल्या की धरणग्रस्तांचा पहिला प्रश्न असतो, तो हाच. तो केवळ भावनिक म्हणून उडवून लावता येणार नाही.

राज्याने मधल्या काळात पर्यटनाची धोरणे काही कमी केलेली नाहीत. २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आले. शेतकऱ्याने आपल्या शेतावर पाहुणे ठेवावेत, त्यांना राहण्याची सोय करावी, नोंदणी करून सवलती घ्याव्यात, अशी ती योजना. कल्पना स्तुत्य आहे. परंतु तिची पहिली अट अशी, की अर्जदाराच्या नावावर शेतजमीन हवी. पवनेच्या धरणग्रस्ताची अडचण नेमकी हीच आहे, की त्याचा सातबारा पाण्याखाली गेला. शेजारच्या गावात ज्याची जमीन शाबूत राहिली, तो कृषी पर्यटन केंद्राचा अधिकृत चालक होऊ शकतो. ज्याची धरणाने नेली, तो अतिक्रमणदार. त्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आले. जमीन, हवा आणि पाणी या तिन्हींवरील साहसी उपक्रमांसाठी नोंदणी, प्रशिक्षित माणसे, सुरक्षा साधने यांची सक्ती त्यात आहे. तीही आवश्यकच. पण ज्याच्या पायाखालची जागाच बेकायदा ठरली आहे, त्याने नोंदणी कोणत्या पत्त्यावर करावी? नोंदणी नाही म्हणून तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी काठावर साधी दोरी आणि टायरही असेलच, याची हमी नाही. बेकायदेशीरपणा हा येथे अपघाताचे एक थेट कारण बनतो.

पाण्याच्या पृष्ठभागाची कथा याहून निराळी नाही. पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी केंद्राने २०१७ मध्ये नियम केले. त्यांतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळण्यात आले. अंतर्गत जलवाहतुकीवरील बोटींसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा नवा आला. त्याचा रोख मुख्यतः यांत्रिक जलयानांची नोंदणी, तपासणी आणि विमा यांवर आहे. बिगरयांत्रिक जलयानांसाठीही त्यात स्वतंत्र प्रकरण आहे खरे. पण हातात पंख धरून फळीवर उभा असलेला माणूस ‘जलयान’ ठरतो की पोहणारा, असा वाद उद्या एखाद्या अपघातानंतर न्यायालयात उभा राहिला, तर त्यात नवल वाटणार नाही. हे पाणी पिण्याचे आहे, हे तर सारेच विसरतात. पवनेतून नदीत सोडलेले पाणी रावेत बंधाऱ्यावर उचलून पिंपरी-चिंचवडला दिले जाते, रोज पाचशे दशलक्ष लिटरच्या आसपास. नोव्हेंबर २०१९ पासून त्या शहराला दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. शनिवारी पवनाकाठी तंबूत राहणारा आकुर्डीचा तरुण सोमवारी नळाला जे पाणी भरतो, ते हेच. तात्पुरत्या शौचालयांचा मैला कोठे जातो, हा प्रश्न त्याने तरी विचारायला हरकत नाही.

दुर्घटना घडली की आपली शासनयंत्रणा एका ठरावीक मार्गाने जाते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना पूल पर्यटकांच्या भाराने कोसळून चौघांनी प्राण गमावले. अशा प्रत्येक प्रसंगानंतर जमावबंदीच्या कलमाखाली मनाई आदेश निघतात, फलक लागतात, नाकेबंदी होते आणि काही आठवड्यांत सारे पूर्ववत होते. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थेचे स्वयंसेवक आपले कामधंदे सोडून रात्री-अपरात्री मृतदेह शोधतात. जे काम पगारी यंत्रणेने जीव वाचविण्यासाठी करायचे, ते हौशी तरुणांनी जीव गेल्यावर करायचे, अशी ही वाटणी आहे. दुसऱ्या बाजूला, ठेका देऊन मोकळे झाले की सुरक्षितता आपोआप येते, हाही भ्रमच. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका दगावल्या. तो तलाव ठेकेदाराकडे रीतसर सोपविलेला होता. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक मुले होती आणि त्यातील अनेकांच्या अंगात जीवरक्षक जाकीट नव्हते.

असे असताना शिडाच्या खेळांना मोकळीक द्यावी काय? प्रस्तुत लेखकाचे मत द्यावी असे आहे, पण मोटरबोटी आणि शिडे एकाच पाण्यावर नकोत. आपल्याकडे जलपर्यटन म्हटले, की नियोजनकारांच्या डोळ्यांसमोर वेगाने धावणारी बोट आणि तिच्यामागे ओढला जाणारा रबरी सोफा उभा राहतो. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर मुनावळे येथे राज्य सरकारने २०२४ मध्ये मोठा गाजावाजा करून जलपर्यटन केंद्र सुरू केले. तेथेही भर वेगवान बोटींवरच आहे. इंजिनाच्या बोटीला चालक लागतो, इंधन लागते आणि प्रत्येक फेरीमागे रोख पैसा मिळतो. त्यामुळे ठेकेदाराला ती प्रिय. शीड शिकवावे लागते, त्याला आठवडा लागतो, आणि शिकणारा माणूस तेवढे दिवस काठावर राहतो, जेवतो, पुन्हा येतो. गावाच्या दृष्टीने दुसऱ्या प्रकारचा पाहुणा अधिक किफायतीचा, कारण तो घाईत नसतो. शिवाय पिण्याच्या पाण्यात तेलाचा तवंग येत नाही.

याची उदाहरणे इटलीतच शोधायला हवीत असे नाही. खडकवासल्याच्या जलाशयावर पीकॉक बे येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र कितीतरी वर्षे शिडाच्या होड्या चालवितात, विंडसर्फिंग शिकतात. तेही धरणाचेच पाणी, आणि वाराही तोच. फरक एवढाच, की तेथे काठ कोणाचा आणि जबाबदारी कोणाची याविषयी संदेह नाही. शिकवायला निदेशक असतो आणि पाण्यावर लक्ष ठेवायला माणूस. भोपाळचा बडा तलाव हे आणखी बोलके उदाहरण. मानवनिर्मित, शहराला पाणी पुरविणारा, आणि तरीही २००२ पासून रामसर यादीत असलेला हा तलाव. राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर २०२३ मध्ये तेथील क्रूझ आणि मोटरबोटी बंद करण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भोपाळच्याच प्रशिक्षण केंद्रात घडलेल्या नेहा ठाकूरने शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळविले आणि इबाद अलीने विंडसर्फिंगमध्ये कांस्य. पिण्याच्या पाण्यावर इंजिन नको, हा दंडक आणि शिडाचा खेळ यांचे एकमेकांशी वैर नाही, हे भोपाळने दाखविले आहे.

पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावर कोणताच खेळ नको, असे म्हणणारा एक वर्ग आहे. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. पण मग तो नियम काठावरचे बंगले, त्यांची सांडपाण्याची टाकी आणि खासगी बोटी यांनाही लागू करण्याची तयारी हवी. ती नसेल, तर बंदीचा बडगा केवळ तंबूवाल्याच्या पाठीत बसेल.

खरी भीती निराळी आहे. विंडसर्फिंग आणि विंगफॉइलिंग हे खर्चिक, देखणे, जाहिरातीत शोभणारे खेळ आहेत. ते आले की त्यांच्यासोबत भांडवल येईल आणि त्याला काठावरची सलग जागा लागेल. जलाशयांलगतच्या शासकीय जागा खासगी सहभागातून पर्यटनासाठी देण्याचे जलसंपदा विभागाचे धोरण आहेच. निविदेतील उलाढालीच्या आणि अनुभवाच्या अटी एकवार पाहिल्या तर ठाकूरसाईचा तंबूवाला त्यांत कोठेच बसणार नाही. उद्या त्याच्या तंबूच्या जागी ‘आंतरराष्ट्रीय दर्जाचे’ केंद्र उभे राहिले, तर पन्नास वर्षांपूर्वी धरणासाठी उठलेले कुटुंब दुसऱ्यांदा उठेल, आणि या वेळी कोणी त्याला प्रकल्पग्रस्त असा दाखलाही देणार नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. प्रलंबित खातेदारांचे पुनर्वसन आधी मार्गी लावावे, हे तर उघडच आहे. ते होईपर्यंतही एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. गाळपेर जमिनीचा भाडेपट्टा केवळ लागवडीसाठी का असावा? धरणग्रस्तांच्या सहकारी संस्थेला हंगामी तंबूंसाठी तो देता येईल. त्याबदल्यात शौचालये जलरेषेपासून दूर आणि मैला वाहून नेण्याची व्यवस्था, ही अट घालता येईल. एकाच संस्थेकडे काठ असेल तर एकच बचाव बोट, एकच वारामापक आणि वाऱ्याचा जोर दाखविणारे एकच निशाण पुरेल. निशाण उतरले की कोणी पाण्यात जायचे नाही. सूर्यास्ताच्या तासभर आधी सर्वांनी काठावर यायचे, कारण वारा पडला की शिडावर गेलेला माणूस मध्यभागी अडकतो आणि अंधारात तो कोणाला दिसत नाही. पश्चिम काठावरून निघालेल्याला तर पश्चिमेचा वारा काठापासून दूरच लोटतो. त्या बाजूने नवशिक्यांना मनाई हवी. उन्हाळ्यात बुडालेल्या बांधांच्या जागी तरंगती पिंपे बांधून ठेवायची. या साऱ्याला कोटींची तरतूद लागत नाही. पाण्याखालचे शिवार ज्यांना पाठ आहे, अशी माणसे लागतात, आणि ती गावात अजून आहेत.

मात्र असा एखादा अर्ज घेऊन धरणग्रस्ताचा मुलगा आज निघाला, तर त्याला जमिनीसाठी जलसंपदा विभागाचे उपविभागीय कार्यालय, पुनर्वसनाच्या दाखल्यासाठी जिल्हाधिकारी कचेरी, तात्पुरत्या बांधकामासाठी पीएमआरडीए, साहसी उपक्रमासाठी पर्यटन संचालनालय आणि ना-हरकत ठरावासाठी ग्रामपंचायत अशी पायपीट करावी लागेल. यांपैकी प्रत्येक जण त्याला दुसऱ्याची परवानगी आधी आणायला सांगेल. तोवर जून उजाडतो, पाणी चढू लागते आणि गाळपेराची पट्टी पुन्हा बुडते. तंबू गुंडाळून वरच्या अंगाला नेले जातात, आणि ऑक्टोबरमध्ये पाणी उतरेल तसे ते परवानगीशिवायच पुन्हा खाली येतात.